नापास कानातली

पारखीसाहेब परदेशात बायकोसाठी कानातली आणायला गेले आणि एका परक्या मुलीला नापास करून परत आले. कानातली आली नाहीत ती नाहीतच. सोसायटीत या प्रवासाची दुसरीच हकिकत सांगितली जाते. तीत कस्टमचे अधिकारी आहेत, चुकलेलं विमान आहे आणि कुठून तरी एक कुत्राही आहे. ती साहेबांच्या मेहुण्याने रचलेली आहे. साहेबांनी ती आजवर खोडून काढलेली नाही, कारण खरी हकिकत त्याहून लाजिरवाणी आहे.

'पारखी' हे त्यांचं आडनाव नव्हे. ऑफिसात त्यांना तोंडावर पारखीसाहेब म्हणत; पाठीमागे काय म्हणत ते इथे सांगण्यासारखं नाही. खुर्च्या, पंखे, बादल्या, फायलींची कपाटं, जे काही ऑफिसात आलं ते त्यांच्या हाताखालून आलं, आणि प्रत्येक वस्तू आत येण्यापूर्वी दारात उभी राहून शिव्या खाऊन आली. त्यांची पद्धत साधी होती. जी वस्तू घ्यायची तिला नावं ठेवायची. जितकी जास्त आवडली तितकी जास्त नावं ठेवायची. आणि जी घ्यायची नाही तिचं तोंडभरून कौतुक करायचं, म्हणजे विकणाऱ्याचा अंदाज चुकतो. या पद्धतीपायी एका पंखेवाल्याने धंदा बदलला, असं साहेब अभिमानाने सांगत.

पारखीबाईंना ही पद्धत पाठ होती. भाजीवाल्याकडे साहेब "हे काय, वांगी आहेत की औषधं?" असं म्हणाले की त्या निमूट पिशवी उघडून धरत. फक्त ही पद्धत घरातल्या माणसांनाही लागू होते की काय, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. घरातही साहेबांच्या तोंडून सगळ्यात मोठं कौतुक निघे ते "वाईट नाही" एवढंच. तेही नेहमी नाही.

तर या बाईंनी सहल ठरल्यावर, आयुष्यात पहिल्यांदाच म्हणावं लागेल, स्वतःसाठी काहीतरी मागितलं. "मला चांदीच्या तारेची कानातली घ्यायची. हाताने केलेली. मासिकात बघितली होती."

"बघू," साहेब म्हणाले.

बघू म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी सोसायटीभर झाली. समोरच्या ब्लॉकमधले निवृत्त इंजिनिअर एकदाच परदेशी जाऊन आले होते आणि तेव्हापासून त्यावर जगत होते. ते चप्पल काढायच्या आधीच बोलत बोलत आत आले. "बस जिथे थांबते तिथे काही घ्यायचं नाही. तिथे गाइडचं कमिशन असतं. गल्लीत शिरायचं. जिथे पाटी नाही आणि आतून ठोकाठोकी ऐकू येते, तिथे खरा कारागीर." वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आवडल्याचं डोळ्यांत दिसतं, तेव्हा काळा चष्मा लावून जा. मेहुण्याने तर कळसच केला. म्हणाला, "भावोजी, व्हिजिटिंग कार्ड पुढे करा. 'खरेदी अधिकारी' वाचलं की त्यांना वाटतं मोठी पार्टी आली. घाऊक भाव मिळतो."

साहेबांनी सगळ्यांचा सल्ला मोडीत काढला आणि सगळ्यांचा सल्ला पाळला. कार्डं नवीन छापली, चष्मा घेतला.

परदेशात पहिले काही दिवस अपमानातच गेले. तिथल्या दुकानांत किमती लिहिलेल्या असत आणि त्या किमती, साहेबांच्या शब्दांत, "सरकारी आदेशासारख्या" असत. साहेब एका शालीला मनसोक्त नावं ठेवत, मग मान हलवत, मग त्यांची ती प्रसिद्ध चाल चालत दाराकडे निघत. या चालीत पाऊल पुढे पडतं पण अंग मागे राहतं, म्हणजे दुकानदाराला हाक मारायला सवड मिळते. त्या देशात हाक मारायची रीत नव्हती. साहेब त्या चालीने थेट बसपर्यंत पोचत आणि मागे बघत तर दुकानदार शालीची घडी घालत असे.

एका दुकानात तर त्यांनी खुर्चीवर टाकलेल्या एका जाकिटाची अस्तरासकट निर्भर्त्सना केली. ते जाकीट दुकानदाराचं स्वतःचं होतं. त्याने ते मुकाट्याने उचललं, अंगात घातलं आणि थंडी नसतानाही गळ्यापर्यंत बटणं लावली. बसमध्ये बाई एवढंच म्हणाल्या, "मळखाऊ रंग होता, चांगला होता." साहेबांनी काळा चष्मा काढलाच नाही.

शेवटून दुसऱ्या दिवशी टूर मॅनेजरने दुपार मोकळी दिली. बाकीचे काका-काकू आइस्क्रीम खायला गेले, आणि साहेब बाईंना घेऊन गल्लीत शिरले. अरुंद, स्वच्छ गल्ली होती. वाळत घातलेले कपडे, खिडक्यांत कुंड्या, एका पायरीवर झोपलेलं मांजर. आणि कुठून तरी बारीक ठोकाठोकी ऐकू येत होती. साहेबांचे कान टवकारले. आवाजामागे जाता जाता एक मोठा दरवाजा लागला. त्यावर पाटी होती, पण ती तिथल्या लिपीत, म्हणजे न वाचता येणारी, म्हणजे नसल्यासारखीच. साहेबांनी मनातल्या मनात इंजिनिअरना पास केलं.

दारावरच्या पहारेकऱ्याला त्यांनी कार्ड दिलं. पहारेकऱ्याने ते वाचलं, टाचा जुळवल्या आणि धावत आत गेला. आतून राखाडी पोशाखातल्या एक उंच बाई लगबगीने आल्या. "आम्ही तुमचीच वाट बघत होतो," त्या म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी तुटकं होतं आणि साहेबांचंही त्याच ठिकाणी तुटत असल्यामुळे संभाषण झकास चाललं. साहेबांनी बायकोकडे वळून हळूच म्हटलं, "बघितलंस? कार्ड."

त्यांना मखमली खुर्चीवर बसवलं. कॉफी आली. पारखीबाईंना वेगळी खुर्ची, वेगळी कॉफी. मग मोठ्या हॉलमध्ये नेलं. तिथे ओळीने टेबलं होती आणि प्रत्येक टेबलामागे एप्रन घातलेला एक तरुण किंवा तरुणी ताठ उभी होती. पुढ्यात काळ्या कापडावर एकेकच दागिना ठेवलेला. बांगडी, पदक, साखळी, अंगठी. कुठेही किंमत लावलेली नाही.

"किंमत लिहिलेली नाही," साहेब कुजबुजले. त्यांच्या आवाजात भक्तिभाव होता. "म्हणजे इथे बोलता येतं."

आणि साहेब बोलू लागले. इतक्या दिवसांचा उपास सोडला म्हणा ना. पहिल्या साखळीची कडी सैल निघाली. अंगठीतला खडा "झोपलेला" निघाला. पदकाचा घाट त्यांना नळाच्या तोटीसारखा वाटला. गंमत म्हणजे इथे कोणी चिडत नव्हतं. राखाडी पोशाखातल्या बाई गंभीरपणे मान डोलवत, साहेबांचं म्हणणं आपल्या भाषेत मोठ्याने सांगत, आणि मागे एक गृहस्थ फळ्यावर खडूने काहीतरी मांडत. भाव उतरतोय, साहेबांनी ओळखलं. सबंध देशात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं ऐकून घेत होतं. त्यांचा आवाज चढला, हात हलू लागले.

एका दांडग्या मुलापुढे जाडजूड कडं होतं. खरं तर ते बैलाच्या शिंगात घालावं असं होतं. साहेबांना ते नकोच होतं, म्हणून त्यांनी पद्धतीप्रमाणे दोन्ही हात पसरले. "वा! याला म्हणतात काम! उत्कृष्ट!" मुलाचा चेहरा उजळला. फळ्यावर काहीतरी मोठ्ठं लिहिलं गेलं.

त्याच्या पुढच्या टेबलाशी पारखीबाईंनी साहेबांचा दंड धरला.

काळ्या कापडावर चांदीच्या तारेची कानातली होती. केसाएवढी तार वळवून वळवून केलेली दोन पानं, आणि पानांतून उजेड पलीकडे जात होता. मासिकातली याच्यापुढे काहीच नव्हती. टेबलामागे एक सडपातळ मुलगी उभी होती. तिच्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग होता. तिने साहेबांकडे बघितलंच नाही. ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तिथे जे दिसलं त्याने तिला थोडं हसू आलं.

साहेबांनी चष्म्याआडून निरखून बघितलं. एवढी सुंदर वस्तू त्यांनी आयुष्यात हातात घेतली नव्हती. म्हणजे आता कसब पणाला लावायला हवं. त्यांनी काळा चष्मा सारखा केला, एक कानातलं दोन बोटांनी उचललं, झुरळ उचलावं तसं, आणि सुरू झाले. डावं-उजवं जुळत नाही. वजन नाही. नजर नाही. हे हाताने केलंय की पायाने? बाजारात उभं करायच्या लायकीचं नाही. "फुकट दिलं तरी माझी बायको घालणार नाही!"

राखाडी बाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी त्याचंही भाषांतर केलं. मुलीचं हसू गेलं. तिने हात टेबलाखाली घेतले. साहेबांना वाटलं, बरोबर, आता उतरेल. बाई मात्र दंड सोडून मागे सरकल्या होत्या. "अहो, जरा जास्त होतंय," त्या म्हणाल्या. "तू गप्प बस, तुला कळत नाही," साहेब म्हणाले आणि आपली ती चाल चालत दाराकडे निघाले.

आणि काय आश्चर्य, मागून हाक आली! साहेब विजयी मुद्रेने वळले. हॉलमध्ये टाळ्या वाजत होत्या. राखाडी बाई फुलांचा गुच्छ घेऊन उभ्या होत्या. तो त्यांनी साहेबांच्या हातात दिला आणि फळ्याकडे बघत काहीतरी मोठ्याने वाचलं. दांडग्या मुलाला बाकीच्यांनी खांद्यावर उचललं. सडपातळ मुलीने आपलं काळं कापड चार टोकांनी गोळा केलं आणि ती बाजूच्या दाराने निघून गेली.

गिऱ्हाइकाचा सत्कार करणारं दुकान साहेब पहिल्यांदाच बघत होते. ते भारावले. "आता कामाचं बोलू," ते म्हणाले. "ती तारेची कानातली. शेवटचा भाव काय?"

"कुठली?" राखाडी बाईंनी विचारलं. "तुम्ही नापास केलीत ती?"

साहेबांना आपल्या इंग्रजीचा संशय आला. मग राखाडी बाईंच्या इंग्रजीचा आला. मग हळूहळू दोन्ही इंग्रजी चोख असल्याचं ध्यानात येऊ लागलं, आणि नेमक्या त्याच वेळी पहारेकऱ्याशी भांडत एक स्त्री आत आली. तिच्या हातातही कार्ड होतं आणि तिच्या कार्डावरही खरेदी अधिकारीच लिहिलेलं होतं, फक्त ती दागिन्यांच्या एका मोठ्या कंपनीची होती. दरवर्षी या दागिने घडवायच्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून असंच कुणाला तरी बोलावत. पहारेकरी तिला बाहेरूनच परत पाठवत होता, कारण परीक्षक येऊन, कॉफी पिऊन, परीक्षा घेऊन मोकळेही झाले होते.

"शाळा?" साहेब म्हणाले.

"शाळा," राखाडी बाई म्हणाल्या. त्या प्राचार्या होत्या. "आणि आपण कोण?"

या प्रश्नाचं उत्तर साहेबांना नोकरीत कधी इतकं अवघड गेलं नव्हतं. "मी... पंखे," ते म्हणाले. "खुर्च्या."

प्राचार्याबाईंनी कपाळावर हात ठेवला. मग त्या कायद्याचं बोलू लागल्या. निकाल हॉलमध्ये वाचला की कायम होतो. तो बदलायचा तर ज्या परीक्षकाने दिला त्यानेच, विद्यार्थ्यासमोर, कारण देऊन मागे घ्यायचा. साहेबांना हा आवाज ओळखीचा वाटला. एकदा नोंद झाली की झाली, हे वाक्य किती पंखेवाल्यांना त्यांनी स्वतः, खुर्चीतून न उठता, ऐकवलं होतं. "मग बोलवा तिला," ते क्षीणपणे म्हणाले.

"ती ओतशाळेत गेली," प्राचार्याबाई म्हणाल्या. "चांदी शाळेची असते. नापास झालेलं काम करणाऱ्याने स्वतःच्या हाताने वितळवायचं."

हे ऐकायला पारखीबाई थांबल्याच नव्हत्या. त्या केव्हाच बाजूच्या दाराने धावत सुटल्या होत्या. गुडघ्यांचं दुखणं सहलभर सगळ्या बसने ऐकलेल्या त्या बाई धावताहेत, हे बघून साहेबही धावले, हातात गुच्छ, मागे प्राचार्या, त्यांच्या मागे खऱ्या परीक्षक, आणि सगळ्यांत मागे काहीच न कळलेला पहारेकरी.

ओतशाळा लहान होती आणि तापलेली होती. भट्टीवर चांदी वितळवायची मूस लाल झाली होती. एक म्हातारे मास्तर लांब चिमटा धरून तोंड फिरवून उभे होते, आणि मुलगी काळं कापड उघडून मुशीसमोर उभी होती. बाईंनी तिचं मनगट धरलं होतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बाई आपल्या भाषेत "नको गं, नको" एवढंच म्हणत होत्या.

प्राचार्याबाई धापा टाकत म्हणाल्या, "हे आपलं मत मागे घेत आहेत." आणि साहेबांकडे बघून, "सांगा. काम कसं आहे?"

सगळे साहेबांकडे बघू लागले. साहेबांनी चष्मा काढला. तोंड उघडलं. आणि त्यांच्या ध्यानात आलं की आत शब्दच नाहीत. इतकी वर्षं दोषांचा एवढा साठा केला, पण या दुसऱ्या बाजूला काही भरूनच ठेवलं नव्हतं. घाम आला. शेवटी होतं नव्हतं ते बळ एकवटून ते म्हणाले, "वाईट नाही."

भाषांतर झालं. मुलीने मनगट सोडवून घेतलं आणि हात मुशीकडे नेला.

"अहो!" बाई ओरडल्या. या आवाजात त्या कधी ओरडल्या नव्हत्या. "एकदा तरी नीट बोला! एकदा तरी!"

साहेबांनी मुलीकडे बघितलं. लाज अशी वर वर चढत आली की कानांच्या पाळ्या गरम झाल्या. इंग्रजी तर पळूनच गेलं होतं. "सुंदर आहे," ते आपल्या भाषेत म्हणाले. "फार सुंदर आहे. एवढं सुंदर मी कधी बघितलं नाही."

खोलीत ते दुसऱ्या कुणालाच कळलं नाही. ज्यांना कळलं त्या बाई जागच्या जागी थिजल्या, कारण हा शब्द त्या माणसाच्या तोंडून त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. मग भानावर येऊन त्यांनीच तो इंग्रजीत सांगितला, प्राचार्यांनी मुलीच्या भाषेत सांगितला, आणि असा दोन हातांतून जाऊनही तो पोचला. मुलीने कापड मिटलं. ती रडत नव्हती; ती रागावली होती. तिने काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय, मग तसं का बोललात?"

"हवी होती म्हणून," साहेब म्हणाले.

मुलीने त्यांच्याकडे, मग बाईंकडे बघितलं. "हे नेहमी असंच करतात?"

"नेहमी," बाई म्हणाल्या.

पुढे खऱ्या परीक्षकांनी सगळं पुन्हा तपासलं आणि तारेच्या कानातल्यांना पहिला नंबर दिला. सगळं गोड झालं म्हणावं, तर हॉलच्या कोपऱ्यात तो दांडगा मुलगा फोन हातात धरून बसला होता. पहिला आल्याचं त्याने घरी कळवून टाकलं होतं आणि पलीकडे त्याची आई आनंदाने अजून रडत होती. साहेबांना त्याच्यापुढे उभं राहवेना. तरी राहिले. "कडं मजबूत आहे," ते म्हणाले, "पण फार जड आहे. मी खोटं बोललो. चूक माझी." साहेबांनी गुच्छ खऱ्या परीक्षकांच्या हातात दिला, तेव्हा त्यातली निम्मी फुलं ओतशाळेच्या वाटेवर सांडलेली होती.

कानातली मात्र विकायची नव्हतीच. पहिल्या नंबरचं काम शाळेच्या काचेच्या कपाटात राहतं. फक्त जाण्यापूर्वी त्या मुलीने बाईंना खिडकीशी नेलं, त्यांच्या कानांतले जुने खडे स्वतः काढले आणि तारेची पानं घातली. लहानसा आरसा पुढे धरला. बाईंनी बराच वेळ बघितलं. मग पानं काढून परत दिली. साहेब दाराशी उभे होते. त्यांना आत यायला कुणी सांगितलं नाही.

संध्याकाळी बसमध्ये टूर मॅनेजरला खेळ सुचला. प्रत्येकाने माइकवर आज काय खरेदी केली ते सांगायचं. शाली झाल्या, पर्सेस झाल्या, कुणीतरी घेतलेलं लाकडी बदक सगळीकडे फिरून आलं. माइक साहेबांच्या हातात आला. "काका, तुम्ही तर एक्स्पर्ट. बोला!"

"काही नाही घेतलं," साहेब म्हणाले आणि माइक मांडीवर ठेवला. मॅनेजर पुढच्या रांगेतल्या बदकाकडे वळला.

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "एक विचारू?" त्या हळूच म्हणाल्या. "लग्न ठरवायला आमच्याकडे आला होतात, तेव्हा जाताना दारात बाबांना म्हणालात, 'ठीक आहे. उंची बेताची आहे, आवाज जरा मोठा आहे. बघू, कळवतो.' मी आतल्या खोलीत होते. सगळं ऐकलं मी. इतकी वर्षं मला वाटतंय, दुसरीकडे जमलं नाही म्हणून तुम्ही होकार दिलात."

साहेबांना ते दार आठवलं. आतल्या खोलीतून आलेलं मोठ्याने हसणं आठवलं. ते हसणं कानात घेऊन ते घरापर्यंत पायी गेले होते. दारात आपण काय बोललो ते त्यांना आजवर आठवलंही नव्हतं, आणि ही मात्र ते उराशी धरून त्यांच्या डब्यात रोज पोळ्या भरत राहिली होती. ओतशाळेतली लाज या लाजेपुढे काहीच नव्हती. आता काळा चष्माही जवळ नव्हता. तो भट्टीपाशीच राहिला होता.

"मी जास्तच नावं ठेवली होती ना?" ते म्हणाले. "मग त्यावरून ओळख की."

"ओळखणार नाही," बाई म्हणाल्या. "नीट बोला."

साहेब तिच्याकडे वळले. "सुंदर होतीस," ते म्हणाले. "मला तूच हवी होतीस. दुसरीकडे मी गेलोच नव्हतो कुठे."

बसमध्ये एकाएकी शांतता पसरली. मग मागच्या सीटपासून पुढच्या सीटपर्यंत टाळ्या सुरू झाल्या, कुणीतरी शिट्टीही वाजवली. साहेबांनी खाली बघितलं. मांडीवरच्या माइकचा हिरवा दिवा लागलेला होता. त्यांना वाटलं, बसच्या फरशीला एखादं भोक असतं तर बरं झालं असतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

बाईंनी माइक उचलला, बटण बंद केलं आणि शाल सारखी करत पुन्हा खिडकीकडे तोंड वळवलं.

"वाईट नाही," त्या म्हणाल्या.